मोरालेस आणि ‘सलग दोन’चा घोळ

इव्हो मोरालेस यांचं बालपण बोलिव्हियातल्या ओरुरोच्या पठारावर लामा राखण्यात गेलं. पुढे कुटुंब चापारे या सखल भागात उतरलं आणि कोका पिकवणाऱ्यांच्या संघटनेतून ते वर आले. डिसेंबर २००५ मध्ये सुमारे ५४ टक्के मतं मिळवून ते बोलिव्हियाचे अध्यक्ष झाले. १ मे २००६ चं नैसर्गिक वायूचं राष्ट्रीयीकरण सर्वांना ठाऊक आहे. खरा गुंता मात्र एका शब्दात आहे: ‘सलग’.

२००९ च्या राज्यघटनेनुसार अध्यक्षाला सलग एकदाच फेरनिवड मिळते. आधीचा कार्यकाळही मोजायचा, असं संक्रमणकालीन तरतुदीत स्पष्ट लिहिलं होतं. विरोधकांशी झालेल्या तडजोडीतूनच हे कलम आलं होतं. तरीही २०१३ मध्ये घटना न्यायालयाने निकाल दिला की नव्या घटनेने राज्याची ‘नव्याने स्थापना’ झाली, त्यामुळे २००६ चा कार्यकाळ धरायचा नाही. कागदावर तर्क जुळतो, पण दिलेल्या शब्दाचं काय? २०१४ मध्ये ते तिसऱ्यांदा निवडून आले, तेही ६१ टक्के मतांनी. म्हणजे लोकप्रियतेचा प्रश्न नव्हताच.

२१ फेब्रुवारी २०१६ ला, मोरालेस यांना पुन्हा उभं राहता यावं म्हणून घटना बदलायची का, असं थेट जनतेलाच विचारलं गेलं, तेव्हा ५१.३ टक्के मतदार ‘नाही’ म्हणाले. ऐन प्रचारात उठवलेल्या बदनामीमुळे हरलो, ही सत्ताधाऱ्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. पण कौल तो कौल. २०१७ मध्ये न्यायालयाने निवडणूक लढवणं हा मानवाधिकार ठरवून मर्यादाच बाजूला सारली.

मग ऑक्टोबर २०१९ ची निवडणूक उजाडली. दुसरी फेरी टाळायला दहा टक्क्यांची आघाडी हवी होती. प्राथमिक मोजणी मध्येच थांबली, दुसऱ्या दिवशी सुरू झाली तेव्हा मोरालेस यांची आघाडी दहाच्या घरात. गैरप्रकाराच्या संशयाने रस्ते पेटले, पोलिसांनी बंड केलं आणि १० नोव्हेंबरला लष्करप्रमुखांनी राजीनाम्याची ‘सूचना’ केली; मोरालेस पायउतार झाले. लष्कर सूचना करतं तेव्हा तिला सूचना म्हणायचं का, यावर बोलिव्हियात आजही दोन तट आहेत. वर्षभरात मोरालेस यांचाच पक्ष ५५ टक्के मतांनी परतला, उमेदवार मात्र दुसरा होता.

डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. आता दोनच कार्यकाळ, सलग असोत वा खंडित. घटनेत ‘खंडित’ हा शब्द नाही. २०१३ ला जे न्यायालयाने गाळलं, त्याहून जास्त इथे भरलं. ऑगस्ट २०२५ च्या मतपत्रिकेवर मोरालेस नव्हते. मत बाद करा, असं त्यांनी समर्थकांना सांगितलं. एरवी तीन-चार टक्क्यांवर राहणारी बाद मतं तेव्हा १९ टक्क्यांच्या पुढे गेली.