माऊस फ्लाय

माऊस फ्लाय : पाण्यावरून पोहणाऱ्या उंदराची नक्कल करणारे तरंगते आमिष. फ्लाय फिशिंगमध्ये (गळावर केस, पिसे इत्यादी बांधून केलेल्या हलक्या आमिषाने, म्हणजे ‘फ्लाय’ने होणाऱ्या मासेमारीत) ट्राउट आणि बास या जातींचे मोठे मासे पकडण्यासाठी ते वापरतात.

ट्राउटचे खाणे मुख्यतः किडे आणि लहान मासे. पण व्होल, लेमिंग (दोन्ही उंदरासारखे लहान प्राणी) किंवा चिचुंद्री नदी ओलांडू लागली, की मोठा ट्राउट तिलाही सोडत नाही. अलास्कातील टोगियाक अभयारण्यात २०१३ मध्ये एका रेनबो ट्राउटच्या पोटात २० चिचुंद्र्या निघाल्या होत्या. न्यूझीलंडमध्ये बीच वृक्षांना भरघोस बी धरते त्या वर्षी उंदीर बेसुमार वाढतात आणि त्यांवर पोसलेले ब्राउन ट्राउट चांगलेच जड होतात. रशियातील कामचटका आणि अमेरिकेतील मिशिगन येथेही ही मासेमारी रुजली आहे. मिशिगनमध्ये ती रात्री, ब्राउन ट्राउटसाठी चालते.

पारंपरिक माऊस फ्लाय हरणाच्या केसांची असते. हे केस आतून पोकळ, म्हणून तरंगतात. गळ व्हाइसमध्ये (पकड-शेगड्यात) पकडून आधी मऊ चामड्याची पट्टी शेपटी म्हणून बांधतात. मग केसांचा झुबका गळाच्या दांडीवर धरून त्यावर दोऱ्याचे दोन सैल वेढे घेतात आणि दोरा ताणतात. ताण पडताच केस फुलतात आणि दांडीभोवती फिरून सगळीकडे पसरतात. तो झुबका मागे घट्ट दाबून त्याच्या पुढे दुसरा, असे करत गळाच्या नेढ्यापर्यंत (दोरी ओवायच्या भोकापर्यंत) यायचे. साधा दोरा या ताणाला तुटतो, म्हणून जेल-स्पन पॉलिएथिलीनचा चिवट दोरा घेतात. झुबके विरळ राहिले तर फ्लाय लवकर पाणी पिऊन बसते. तेव्हा सगळी मेहनत या दाबण्यात आहे.

शेवटी ब्लेडने आकार द्यायचा. पोट सपाट आणि दांडीलगत कापावे लागते, नाहीतर गळाच्या टोकापुढची फट केसांनी बुजते आणि मासा अडकत नाही. कान, डोळे, मिशा यांवर बांधणारे फार जीव लावतात, आणि ते काम देखणे होतेही. पण मासा खालून पाहतो. त्याला दिसते ती आकाशावर उमटलेली काळी आकृती, आणि जाणवते ती पाण्यावर उठणारी इंग्रजी व्ही अक्षरासारखी लाट. म्हणून चांगल्या माऊस फ्लायची पारख पोटाच्या बाजूने करावी.

अमेरिकेतील डेव्ह व्हिटलॉक यांची ‘माऊसरॅट’ केसांच्या बांधणीचा प्रसिद्ध नमुना आहे. केन मॉरिश यांच्या ‘मॉरिश माऊस’मध्ये पाठीवर फोमची पट्टी असते. फोम भिजत नाही आणि बांधायला सोपा. केसांच्या अंगाचा मऊपणा मात्र त्याला नाही.

ट्राउटसाठी फ्लाय प्रवाहाला आडवी टाकून काठाकडे वळू देतात. बाससाठी ती कमळाच्या पानांशेजारी टाकून थांबायचे, मग हलकेच झटके द्यायचे. गवतात अडकू नये म्हणून गळाच्या टोकापुढे जाड नायलॉनचा फास बांधतात. बासचे तोंड मोठे, तो बहुधा फ्लाय एकदमच गिळतो. ट्राउट अनेकदा आधी शेपटीलाच तोंड लावतो. त्यामुळे काही बांधणींत दुसरा गळ मागे जोडलेला असतो. माशाने झडप घातल्याचा आवाज ऐकून लगेच गळाची काठी उचलली तर फ्लाय त्याच्या तोंडून निसटते. माशाची ओढ हाताला लागेपर्यंत फ्लाय तशीच चालू ठेवायची.