साखर सोडली म्हणून गाठ उपाशी मरत नाही

“साखर बंद करा, कॅन्सरची गाठ उपाशी मरेल” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. मुळाशी अर्धं सत्य आहे: १९२०च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांना दिसलं, की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, अधाशासारखं वापरतात. पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे ग्लुकोजसारखं किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेल्या तपासणीत, गाठ उजळते ती त्यामुळेच. पण भात, चपाती, गोड सगळं सोडलं तरी यकृत ग्लुकोज बनवतच राहतं. झिजतो तो पेशंट, आणि केमोच्या दिवसांत ते परवडत नाही. त्यात मधुमेह असेल आणि इन्सुलिन घेऊन ताट बाजूला सारलं, तर रक्तातली साखर धाडकन उतरते: दरदरून घाम, हातांना कंप. माणूस शुद्धीवर असेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. कॅन्सर वाढेल या भीतीने तेव्हा कृपा करून हात आखडू नका.