घरी सॅटेलाइट इंटरनेट घ्यायचंय? सामानाच्या आधी कागद बघा

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर फायबर नाही, मोबाईलची रेंज अंगणात येते आणि घरात शिरलं की गायब होते, म्हणून सॅटेलाइट नेटची चौकशी लई वाढलीय. पण अर्ज अडकतात, आणि अडकतात ते सामानापायी नाही, कागदापायी.

सामान थोडकंच आहे. व्हीसॅट, म्हणजे आभाळात एकाच जागी दिसणाऱ्या लांबच्या सॅटेलाइटवरनं डिशनं चालणारं नेट, असेल तर डिश, पोल, केबल, आत मॉडेम आणि वायफाय राउटर. स्टारलिंकसारख्या खालच्या कक्षेतल्या, म्हणजे पृथ्वीजवळनं फिरणाऱ्या सॅटेलाइटच्या सेवेला सपाट अँटेना आणि राउटर. टीव्हीची जुनी डिश चालत नाही, ती फक्त सिग्नल घेते, वर पाठवत नाही. वर पाठवणाऱ्या यंत्राला सरकारी परवानगी लागते, त्यामुळं कुणी दुबईवरनं किट आणून देतो म्हणाला तर अजिबात घेऊ नका, बेकायदेशीर आहे आणि कस्टममध्ये जप्त झालं तर पैसेही गेले.

ॲडव्हान्सचंही तसंच. स्टारलिंकनं लायसन नसताना बुकिंग घेतलं होतं, नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागानं लोकांना सावध केलं आणि कंपनीला पैसे परत द्यावे लागले. जून २०२५ मध्ये लायसन मिळालं, पण लायसन मिळालं म्हणजे कनेक्शन मिळालं असं नाही, त्यापुढं स्पेक्ट्रम (वापरायच्या रेडिओलहरींचं सरकारी वाटप) आणि सुरक्षा तपासणी असते. तुमच्या पिनकोडला सेवा सुरू आहे हे कंपनीच्या स्वतःच्या साइटवर दिसल्याशिवाय एजंटला रुपया देऊ नका. व्हीसॅटवाले मुख्यतः बँका, एटीएम, कंपन्या असली गिऱ्हाइकं बघतात, घरगुती अर्ज घेता का हे आधी फोनवर विचारा.

आता खरी अडचण. केवायसीला आधार चालतं, पण आधारवर पत्ता कोल्हापूर शहराचा आणि डिश बसणार गावाकडच्या घरावर, मग त्या जागेचा पुरावा मागतात. लाईट बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर! हे घरोघरी आहे. महावितरणकडं नाव बदलून घ्या, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती जवळ ठेवा, आणि हे काम अर्जाच्या आधी करा. दुसरं, माणसं तलाठ्याकडनं ८अ आणतात. तो जमिनीचा खाते उतारा, घराचा नव्हे. घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो. एका अक्षराच्या फरकानं म्हातारी माणसं दोन कचेऱ्यांत हेलपाटे घालतात आणि खिडकीवरचा माणूस नीट सांगतसुद्धा नाही, याचा खरंच राग येतो. भाड्याचं घर असेल तर मालकाचं संमतीपत्र घ्या.

जागा बघताना व्हीसॅटला दक्षिणेकडचं आभाळ मोकळं पाहिजे, खालच्या कक्षेवाल्याला मात्र वरचं जवळजवळ सगळंच, तिथं घरालगतचा फणससुद्धा नडतो. पत्र्यावर पोल लावू नका, वाऱ्यानं हलतो आणि डिशची दिशा जराशी चुकली तरी लिंक जाते. पावसाळ्यात जोराची सर आली की नेट थोडा वेळ तुटणार, ते कुठल्याही कंपनीचं तुटतं. वळवाच्या विजांसाठी अर्थिंग आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टर पाहिजेच. बाहेरच्या कनेक्टरवर वॉटरप्रूफ टेप बसवणाऱ्याकडनं समोर उभं राहून गुंडाळून घ्या, नाहीतर पाणी शिरून आतली तांब्याची तार हिरवी पडते.