बुरशी-संवर्धन (एंझाइमे व वसाम्लांसाठी)

बुरशीपासून हवे ते एंझाइम किंवा वसाम्ल (तेलाचा घटक असलेले आम्ल) भरपूर मिळावे यासाठी तिचे खाद्य, ओलावा, तापमान, सामू व हवा यांचा मेळ बसवण्याची पद्धत. नाशिक जिल्ह्यात या कामाला जोगा कच्चा माल म्हणजे वाइनरीतला द्राक्षचोथा. काळी बुरशी (ॲस्परजिलस नायगर) तर इथल्या बाजारातही भेटते: कांद्याच्या वरच्या पापुद्र्याखाली दिसणारी काळी भुकटी बहुधा तिचीच बीजाणुधूळ असते.

धान्यावर मुद्दाम बुरशी वाढवण्याची रीत पूर्व आशियातली. जपानी ‘कोजी’ चीनहून आली की तिथेच स्वतंत्रपणे घडली, यावर एकमत नाही. चिनी लिखित उल्लेख अधिक जुने असल्याने पहिल्या मताकडे कल दिसतो. मात्र चिनी पद्धतीत दाबलेल्या वड्यांवर प्रामुख्याने ऱ्हायझोपस ही बुरशी वाढते, तर जपानीत सुट्या भातावर ॲस्परजिलस ओरायझी. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हान टीगेम यांनी 1867 मध्ये टॅनिनवर (सालीतल्या तुरट द्रव्यावर) वाढणाऱ्या काळ्या बुरशीचे वर्णन केले. गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून पिष्टपाचक एंझाइम काढण्याचे अमेरिकी पेटंट जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांना 1894 मध्ये मिळाले. फळांचा रस पेक्टिनेजने (फळांतले चिकट पेक्टिन तोडणाऱ्या एंझाइमने) नितळ करण्याची सुरुवात साधारण 1930 च्या सुमारास झाली.

पेक्टिनेज हवे असेल तर माध्यमात पेक्टिन लागते, पण सुटी साखर भरपूर असली की बुरशी पेक्टिनकडे वळत नाही. चोथ्याची निवड इथेच ठरते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे किण्वनाआधीच दाबतात, म्हणून त्या चोथ्यात साखर शिल्लक असते; तो धुऊन घ्यावा किंवा त्यात कोंडा मिसळावा. लाल वाइनचा चोथा किण्वनानंतर निघतो. त्यातली साखर बहुतेक संपलेली, पण टॅनिन जास्त, आणि टॅनिन एंझाइमांना बांधून ठेवते. चोथा ओला ठेवला तर लवकर आंबतो, त्यामुळे हंगामातच वाळवावा लागतो. घन माध्यमात ओलावा साधारण 50 ते 65 टक्के, तापमान 28 ते 30 अंश से. व सामू आम्लधर्मी ठेवतात. पाणी जास्त झाले की थर चिकटतो, हवा खेळत नाही आणि आत ऊब साठते.

वसाम्लांचे गणित उलटे आहे. नायट्रोजन संपला आणि कार्बन उरला की तेलकट बुरशी तो तेलाच्या रूपात साठवते. एंझाइम हे प्रथिन, त्याला नायट्रोजन हवाच. शिवाय एंझाइम पेशीबाहेर येते, तेल आतच राहते. त्यामुळे एकाच पात्रातून दोन्ही उत्पादने भरघोस निघण्याची अपेक्षा बहुधा फोल ठरते. तेल घडवताना लागणारी क्षपणशक्ती (हायड्रोजन पुरवण्याची क्षमता) पेशीतले मॅलिक एंझाइम पुरवते, असे आधी मानले जाई. काही बुरशींत ते एंझाइम वाढवूनही तेल वाढले नाही, तेव्हा पेशीत साखर फोडणाऱ्या पेंटोज फॉस्फेट मार्गाकडे लक्ष गेले. दोन्हींचा वाटा जातीगणिक बदलतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. थंडीत वसाम्लांची असंपृक्तता (त्यांतल्या दुहेरी बंधांचे प्रमाण) वाढते. म्हणून मॉर्टिएरेला अल्पायना ही तेलकट बुरशी आधी उबदार वाढवून नंतर तापमान उतरवतात आणि ॲरॅकिडोनिक आम्ल हे असंपृक्त वसाम्ल मिळवतात. म्यूकर या बुरशीपासून गॅमा-लिनोलेनिक आम्ल या दुसऱ्या असंपृक्त वसाम्लाचे व्यापारी उत्पादन 1985 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाले.

एकेक घटक बदलून पाहण्याची जुनी रीत घटकांचे परस्परपरिणाम हुकवते. म्हणून प्लॅकेट-बर्मन (1946) या सांख्यिकी प्रयोग-आराखड्याने आधी महत्त्वाच्या घटकांची चाळणी आणि बॉक्स-विल्सन (1951) या सांख्यिकी पद्धतीने त्यांच्या योग्य प्रमाणांचा शोध असा क्रम रूढ आहे. फ्लास्कमध्ये सापडलेले आकडे मोठ्या ट्रेमध्ये जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

द्राक्षचोथ्यावर तेल मोजताना बियांचे तेल बुरशीच्या नावावर जमा होण्याचा धोका असतो. बियांच्या तेलात लिनोलेइक आम्ल मुबलक, पण गॅमा-लिनोलेनिक जवळपास नसते. म्यूकरच्या बाबतीत तीच खूण धरावी. काळ्या ॲस्परजिलसच्या काही जाती, विशेषतः कार्बोनेरियस, ऑक्राटॉक्सिन-ए हे विष तयार करतात. युरोपीय संघाने वाइनमध्ये त्याची मर्यादा किलोमागे 2 मायक्रोग्रॅम ठरवली आहे. म्हणून चोथ्यावर आपसूक उगवलेला वाण तपासणीशिवाय संवर्धनासाठी घेऊ नये.