१/७२ कुठून आलं? किटच्या डब्यावरच्या आकड्याची पार्श्वभूमी

विमानाच्या किटचा, म्हणजे जोडून मॉडेल करायच्या सुट्या भागांचा, डबा हातात घेतला की चित्राच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो: १/७२, म्हणजे मॉडेल खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं. शेजारच्या डब्यावर १/४८, रणगाड्याच्या डब्यावर १/३५, युद्धनौकेवर १/७०० नाहीतर १/३५०. छंदात नवा आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, की १/५० किंवा १/१०० असे सरळ आकडे का नाहीत? जुने लोक ‘ते तसंच असतं’ म्हणून पुन्हा सॅंडपेपर घासायला लागतात. पण प्रत्येक आकड्याची एक जन्मकथा आहे. त्यातल्या काही कथांमध्ये सुताराची पट्टी आहे, काहींत बॅटरीचे सेल, तर एका कथेत नुसता पुठ्ठ्याचा डबा.

सगळ्यात जुना मान १/४८ चा. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये नौदलाच्या जहाजांची लाकडी मॉडेलं बनू लागली. आज त्यांना ‘नेव्ही बोर्ड मॉडेल’ म्हणतात आणि त्यांचा मोठा संग्रह ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेले सॅम्युअल पेपिस नौदलाच्या कारभारात होते, त्यांनाही या मॉडेलांचं वेड होतं. यातली बरीचशी मॉडेलं एका फुटाला पाव इंच या हिशेबाने केलेली आहेत. आपल्याकडचा सुतार त्याला ‘दोन सूत’ म्हणेल. फुटात बारा इंच, इंचात चार पाव, म्हणून अठ्ठेचाळीस. पट्टीवर खूण आधीच असते, गुणाकार-भागाकार करावा लागत नाही. या मॉडेलांत जहाजाच्या खालच्या भागाला बहुतेकदा फळ्या मारत नसत, लाकडी बरगड्या उघड्याच ठेवत. त्यामुळे सांगाडा कसा उभा राहतो ते दिसतं.

त्याच इंग्लंडमध्ये पुढे नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले फ्रेंच कैदी नॉर्मन क्रॉसच्या छावणीत जेवणातल्या हाडांपासून जहाजं कोरत आणि बाजारात विकत. ती पाहिली तर कारागिरीने थक्क व्हायला होतं, पण मापात ती पुष्कळदा बसत नाहीत. डोलकाठ्या उंच, तोफा जाड. आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळा दिंडीदरवाजापेक्षा उंच असतो आणि महाराज मावळ्याच्या दुप्पट, तसंच काहीसं. तिथे कोणी पट्टी लावत नाही आणि लावूही नये. किटचा छंद मात्र पट्टीतूनच जन्माला आला.

१/७२ ची सुरुवात १९३२ सालची. इंग्लंडमध्ये ‘स्कायबर्ड्स’ नावाची लाकूड आणि धातूच्या भागांची विमानं विकायला आली. ती जेम्स हे स्टीव्हन्स यांच्या कल्पनेतली. हिशेब अगदी साधा होता: सहा फूट म्हणजे एक इंच. सहा फुटी वैमानिक मॉडेलात बरोबर इंचभर उंचीचा. सहा फुटांत बहात्तर इंच असतात, एवढंच त्या आकड्याचं गुपित. चार वर्षांनी, १९३६ मध्ये, ‘फ्रॉग’ या ब्रिटिश कंपनीने ‘पेंग्विन’ नावाने प्लॅस्टिकची किट काढली, तीही १/७२ मध्येच. फ्रॉगची आधीची विमानं खरोखर उडणारी होती. ही नवी विमानं उडणारी नव्हती, म्हणून त्यांना न उडणाऱ्या पक्ष्याचं नाव दिलं. इंग्रजी विनोद असा कोरडाच असतो. प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेटचं होतं आणि ते वर्षांनुवर्षं वाकतं, म्हणून आज ती किट मिळालीच तर पंख अनेकदा केळ्यासारखे झालेले असतात.

हा आकडा पक्का झाला तो युद्धामुळे. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे तोफेवरच्या माणसाने क्षणात ओळखायला हवं. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने देशभरातल्या शाळकरी मुलांना लाकडात विमानं कोरून द्यायला सांगितलं. उद्दिष्ट होतं पाच लाख मॉडेलांचं, प्रमाण १/७२ आणि रंग सपाट काळा. काळा का, तर लांबून आकृतीच तेवढी दिसावी. या प्रमाणाचा फायदा असा, की पस्तीस फुटांवर धरलेलं मॉडेल सुमारे अडीच हजार फुटांवरच्या, म्हणजे जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. वर्गाच्या एका टोकाला मॉडेल आणि दुसऱ्या टोकाला सैनिक, एवढ्यात शिक्षण होऊन जाई.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये किटच्या धंद्यात एअरफिक्स आली. निकोलस कोव्ह या हंगेरीत जन्मलेल्या गृहस्थांनी १९३९ मध्ये ती काढली तेव्हा ती हवा भरलेली रबरी खेळणी बनवत असे, नंतर प्लॅस्टिकचे कंगवे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वुलवर्थ या दुकानांच्या साखळीसाठी कंपनीने ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचं छोटं किट केलं. दोन शिलिंगांत बसवायचं म्हणून महाग डबा टाळून प्लॅस्टिकची पिशवी आणि वर घडी घातलेला कागद, असं वेष्टन ठरलं. किट खपलं. मग स्पिटफायर हे लढाऊ विमान आलं. ते अमेरिकेतल्या ऑरोरा कंपनीच्या १/४८ च्या किटवरून बेतलं होतं, पण एअरफिक्सने ते लहान करून १/७२ मध्ये आणलं. ब्रिटिश पोरांच्या खिशाला तेच परवडणारं होतं. त्यानंतर एअरफिक्सने एकेक विमान त्याच मापात काढलं. कपाटात स्पिटफायरशेजारी लँकेस्टर हे बॉम्बफेकी विमान ठेवलं की कोण केवढं होतं ते डोळ्यांनीच कळतं. १/७२ मध्ये स्पिटफायरचे पंख साडेपंधरा सेंटिमीटर, लँकेस्टरचे त्रेचाळीस. तेच लँकेस्टर १/४८ मध्ये पासष्ट सेंटिमीटर भरतं, आणि मग घरात बोलणी सुरू होतात.

अमेरिकेतल्या जहाजांची गोष्ट वेगळी. तिथे रेव्हेलसारख्या कंपन्यांनी आधी डबा ठरवला आणि मग त्यात मावेल तेवढं जहाज केलं. याला ‘बॉक्स स्केल’ म्हणतात. म्हणून रेव्हेलची ‘मिझुरी’ ही अमेरिकी युद्धनौका १/५३५ अशा विचित्र आकड्यात निघाली. दुकानाच्या फळीवर सगळे डबे एकसारखे रचले जात हे खरं, पण दोन जहाजं शेजारी ठेवली तर विनाशिका युद्धनौकेएवढी दिसायची. मला या पद्धतीचा राग येतो, हे कबूल करतो. एअरफिक्सने जहाजांसाठी १/६०० धरलं, म्हणजे इंचाला पन्नास फूट. पुन्हा पट्टीच.

रेल्वेच्या मॉडेलांतही असा एक अपघात आहे. ३.५ मिलिमीटरला एक फूट या मापाने ब्रिटिश इंजिन केलं तर ते इतकं चिंचोळं होई की त्यात त्या काळची मोटर बसेना. मग रूळ तेच ठेवून वरचा सांगाडा ४ मिलिमीटरच्या मापाने फुगवला. त्यातून १/७६ आलं आणि एअरफिक्सच्या लहान रणगाड्यांनी ते उचललं. म्हणजे आजही १/७२ चं विमान आणि १/७६ चा रणगाडा एकाच देखाव्यात ठेवले, की जाणकार भुवया उंचावतात, त्याला कारण एक जुनी मोटर.

बॅटरीची गोष्ट जपानची. शिझुओकातली तामिया मुळात लाकडाच्या धंद्यातली कंपनी. १९५१ च्या आगीनंतर ती लाकडी मॉडेलांकडे वळली आणि १९६० च्या सुमारास तिने पहिलं प्लॅस्टिक किट आणलं, १/८०० ची ‘यामातो’ ही जपानी युद्धनौका. प्रतिस्पर्ध्याने तेच जहाज स्वस्तात विकून तामियाला मात दिली. काही वर्षांत आलेला पँथर रणगाडा मात्र चालला, कारण तो मोटरवर धावत असे. पुढे कंपनीच्या शुनसाकु तामिया यांना दुसऱ्या देशांचे रणगाडे त्याच मापात काढायचे होते, तेव्हा त्यांनी पँथर मोजून पाहिला. तो खऱ्याच्या जवळपास पस्तिसावा भाग भरला. आत दोन सेल मावावेत एवढ्यासाठी तो आकार धरलेला होता, ही गोष्ट त्यांनीच नंतर लिहून ठेवली आहे. आज लष्करी वाहनांच्या किटमध्ये सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण तेच आहे.

जपान मेट्रिक देश. तिथे सरळ आकडे करून पाहिले गेले: तामियाने १/५० आणि १/१०० ची विमानं काढली, एल.एस. कंपनीने १/७५ ची. फ्रान्सची हेलर जहाजांसाठी १/४०० वर राहिली. पण विमानांत गिऱ्हाइकाच्या कपाटात आधीच बहात्तर आणि अठ्ठेचाळीस बसलेले होते. एल.एस. सुद्धा नंतर १/७२ वर आली.

जहाजांत मात्र जपान्यांनी स्वतःचा आकडा बसवला. १९७१ मध्ये शिझुओकातल्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी एकत्र येऊन जपानी नौदलाची जहाजं आपसांत वाटून घेतली. सगळी १/७०० मध्ये, पाण्याखालचा भाग वगळून, म्हणजे टेबलावर ठेवलं की टेबलच समुद्र. फुजिमी पुढे बाहेर पडली, मालिका चालू राहिली. ‘यामातो’ यात साडेसदतीस सेंटिमीटरची होते. डोळे अजून शाबूत असलेल्यांसाठी १/७०० आणि ज्यांनी चष्म्याचा नंबर वाढवून घेतला आहे त्यांच्यासाठी दुप्पट मोठं १/३५०, अशी वाटणी मी मनातल्या मनात केली आहे.

कारण कलाकुसरीचा सगळा खेळ शेवटी या आकड्यावरच ठरतो. जुन्या १/७२ च्या किटवर पॅनेलची (पत्र्यांच्या जोडाची) खाच ०.२ मिलिमीटर रुंद असेल, तर खऱ्या विमानावर ती चौदा मिलिमीटरची भेग होईल. त्यात बोट जाईल. म्हणून काळ्या रंगाचा वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, त्यात ओतताना हात आखडता घ्यावा लागतो. जहाजावर तर आणखी कठीण. डोक्याचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड धरला, तर १/७०० वर तो पाच सेंटिमीटरचा दोर ठरतो. म्हणून दोरखंडासाठी मेणबत्तीवर स्प्रू (भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची काडी) तापवून केसाहून बारीक ओढतात, आणि रेलिंगसाठी पितळेच्या पत्र्यातून रसायनाने कोरलेले ‘फोटो-एच’ भाग लावतात. हे भाग चिमट्यातून उडाले की सापडत नाहीत. फरशी काळी-पांढरी ठिपक्यांची असेल तर शोधूही नका.

आपल्या हवाई दलाचं नॅट हे छोटं लढाऊ विमान करायला घेतलेल्यांना आकड्यापलीकडची एक अडचण येते. एअरफिक्सचं नॅट रेड ॲरोज या ब्रिटिश कसरतपथकाचं, दोन आसनांचं प्रशिक्षण विमान आहे. आपलं १९६५ आणि १९७१ चं लढाऊ नॅट एका आसनाचं आणि लांबीलाही आखूड. ते स्पेशल हॉबी या झेक कंपनीने काढलं, नॅटचं भारतीय सुधारित रूप असलेलं अजीतसुद्धा. १/७२ मध्ये नॅटचे पंख जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर भरतात.

आणि जहाजात विमानवाहू विक्रांत. १९७१ च्या डिसेंबरात जिच्यावरून सी हॉक विमानं उडाली, नंतर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि शेवटी मुंबईतल्या जहाजतोडणीच्या दारूखान्यात तोडली गेली, ती जुनी विक्रांत. तिची एकूण लांबी ७०० फूट होती. १/७०० मध्ये ती बरोबर एक फुटाची होते आणि डेकवरचं सी हॉक सतरा मिलिमीटरचं. प्लॅस्टिकच्या शीटमधून ती स्वतः करायची असेल, तर आधी शाळेतली फूटपट्टी टेबलावर ठेवा. तेवढीच होणार आहे ती.