घर बदलताना परवान्याची बंदूक कुठे ठेवायची? ठेव अर्ज, कागदपत्रं आणि अर्ज अडतो त्या जागा

इमारत पुनर्विकासाला गेली, घर रिकामं करायची तारीख आली, भाड्याचं घर मिळालं तेही अकरा महिन्यांच्या करारावर. कुणी सहा महिन्यांसाठी मुलाकडे परदेशी निघालेलं असतं. सामानाची यादी महिनाभर आधी होते, पण कपाटातल्या बारा बोअरच्या बंदुकीचं किंवा पिस्तुलाचं काय करायचं हा प्रश्न टेम्पो दारात यायच्या आदल्या दिवशी पडतो. मग घाईत जे केलं जातं, त्यातलं बरंचसं गुन्ह्यात मोडतं, आणि चांगल्या माणसांना ते ठाऊकही नसतं.

सर्वांत जास्त केली जाणारी चूक म्हणजे हत्यार भावाकडे, मेव्हण्याकडे किंवा गावच्या घरी ठेवणं. परवाना तुमच्या नावाचा आहे, घराण्याच्या नावाचा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्ये एक सवलत आहे: परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या माणसाला हत्यार नेता येतं, पण ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्या वापरासाठी. ‘सांभाळायला’ हे कारण त्यात नाही. चिठ्ठी लिहून दिली तरी ज्याच्या घरी बंदूक सापडेल तो विनापरवाना हत्यार बाळगणारा ठरतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान २ वर्षांची शिक्षा आहे. मदत करणाऱ्या नातेवाइकाला यात ढकलू नका.

बँकेचा लॉकरही चालत नाही, लॉकरच्या करारातच शस्त्रं ठेवायला मनाई असते. पॅकर्स-मूव्हर्सच्या खोक्यात बंदूक घालणं तर अजिबात नको. खोकं ट्रकमध्ये गेलं की ताबा गेला, आणि ते हरवलं तर ताबडतोब पोलिसांत कळवायची जबाबदारी तुमच्यावरच येते.

ठेव कोण ठेवू शकतो, कुठे

मुदतीत असलेला परवाना आणि त्यावर नोंद असलेलं हत्यार एवढं असेल, तर कुणालाही ते सुरक्षित ताब्यासाठी ठेवता येतं. यालाच ठेव म्हणतात. जागा दोन: पोलीस ठाणे, किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेता. सैन्यात असणाऱ्यांना युनिटच्या शस्त्रागाराचा तिसरा पर्याय आहे. विक्रेता निवडलात तर त्याच्या परवान्यात ठेव स्वीकारायची मुभा लिहिलेली आहे का हे बघून घ्या. विक्रीचा परवाना असणं वेगळं.

परवान्याची मुदत संपलेली असेल तर प्रकरण वेगळं होतं. तेव्हा कलम २१ प्रमाणे विनाविलंब जमा करणं बंधनकारक आहे. पुष्कळ जण इथे घाबरून हत्यार घरातच ठेवतात आणि आधी नूतनीकरण करून घेऊ म्हणतात. उलट करा. आधी जमा करून पावती घ्या, मग नूतनीकरणाच्या मागे लागा.

दोन्हींपैकी काय बरं? पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात गुन्ह्यांतल्या कोयत्यांपासून जप्त दुचाकींच्या सामानापर्यंत सगळं असतं. तिथे कुणी तुमच्या नळीला तेल लावणार नाही. दोन-तीन महिन्यांसाठी ठीक. पुनर्विकासासारखा तीन वर्षांचा मामला असेल, तर भाडं देऊन विक्रेत्याकडे ठेवलेलं बरं, आणि वर्षातून एकदा साफसफाई करून देण्याचं त्याच्याकडून लिहून घ्या.

कागद

ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज, दोन प्रतींत. मूळ परवाना (दाखवायला) आणि त्याच्या सर्व पानांच्या प्रती, यूआयएन म्हणजे परवानाधारकाच्या विशिष्ट ओळख क्रमांकाच्या पानासह. हा क्रमांक परवान्यावर नसेल तर तो परवाना वैध धरला जात नाही, तेव्हा आधी ते मार्गी लावा. ओळखपत्र, घर सोडत असल्याचा कागद (सोसायटीचं पत्र किंवा विकासकाची नोटीस), काडतूस खरेदीच्या पावत्या. हे सगळं सहज जमतं. अडतं ते पुढच्या दोन गोष्टींवर.

पहिली, हत्याराचा क्रमांक. जुन्या पुस्तिकांमध्ये तो हाताने लिहिलेला असतो, तीनचा आठ आणि एकचा सात झालेला असतो. वडिलांकडून वारशाने आलेल्या दुनळीत हे फार दिसतं. ठाण्यात हवालदार क्रमांक ताडून बघतो, जुळत नाही म्हणतो, आणि तुम्ही बंदूक हातात घेऊन तिथे उभे. म्हणून अर्जाच्या निदान पंधरा दिवस आधी घरी बघा. दुनळीचा पुढचा लाकडी भाग काढला, नळ्या वेगळ्या केल्या, की नळीच्या बुडाच्या सपाट भागावर आणि पोलादी सांगाड्यावर आकडे कोरलेले दिसतात. अस्पष्ट असतील तर खडूची पूड चोळून बोटाने पुसा, पूड खाचेत राहते आणि आकडा वाचता येतो. फरक सापडला तर परवाना शाखेकडे दुरुस्तीचा अर्ज करून त्याची पोच घ्या आणि ठेव अर्जाला ती जोडा. परवान्यावर डीबीबीएल म्हणजे दुनळी, एसबीबीएल म्हणजे एकनळी आणि एमएल म्हणजे ठासणीची, तोंडातून दारू ठासून भरायची. हा प्रकारही जुळला पाहिजे.

दुसरी, नव्या पत्त्याचा पुरावा. आधार जुन्या घराचं, वीजबिल मालकाच्या नावाचं, मतदार यादी जुनीच. भाडेकरूकडे पत्त्याचा एकच भक्कम कागद असतो, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार. नुसता स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करार इथे उपयोगाचा नाही. नुसती ठेव ठेवायला नव्या घराचा पुरावा हवाच असं नाही, तरीही काही ठाण्यांत तो मागून माणसांना परत पाठवतात. घरच ठरलेलं नाही म्हणून तर माणूस ठेवायला आलेला असतो! अशा वेळी वाद न घालता अर्जातच लिहा: ‘सध्या निश्चित निवास नाही, नवीन पत्ता मिळताच कळवीन’, आणि संपर्काचा पत्ता द्या.

तीस दिवस, आणि ते कधीपासून

राहण्याचं ठिकाण कायमचं किंवा ३० दिवसांपेक्षा जास्त काळासाठी बदललं आणि हत्यार सोबत नेलं, तर बदल झाल्यापासून ३० दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या परवाना प्राधिकाऱ्याला आणि ज्यांनी परवाना दिला किंवा शेवटचा नूतनीकृत केला त्यांनाही कळवावं लागतं. कराराची नोंदणी झाल्याची तारीख किंवा आधार बदलल्याची तारीख इथे धरत नाहीत. तुम्ही राहायला गेलात त्या दिवसापासून मोजा.

‘मी शहर कुठे बदललं?’ हा दुसरा गैरसमज. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त असतात, बाहेर जिल्हाधिकारी. कोथरूडहून वाकडला गेलात तर तुम्ही पुणे आयुक्तालयातून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात गेलात. मुळशीतल्या, आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरच्या एखाद्या गावात गेलात तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत. अंतर दहा किलोमीटर असो, कार्यालय बदलतं आणि फाइल मागवावी लागते.

राज्य ओलांडत असाल तर परवान्यावरचं वैध क्षेत्र वाचा. फक्त महाराष्ट्र लिहिलेलं असेल तर सावंतवाडीहून पणजीला ते हत्यार तसंच नेता येणार नाही. आधी क्षेत्र वाढवून घ्या, तोवर इथेच ठेवा. कोकणातल्या शेतीसंरक्षण परवान्यांचं तर आणखी नाजूक. तो परवाना शेतासाठी आहे. मुंबईच्या खोलीवर ती बंदूक न्यायचा विचारच करू नका.

ठेवलं म्हणजे परवाना थांबला असं नाही

या एका गैरसमजापायी सर्वाधिक हत्यारं अडकून पडलेली आहेत. बंदूक मुद्देमाल कक्षात असली तरी परवान्याची मुदत चालूच राहते. मुदत ५ वर्षांची आहे आणि नूतनीकरणाचा अर्ज ती संपायच्या किमान ६० दिवस आधी द्यायचा आहे. मुदत संपली की ठेवीचं स्वरूपच बदलतं, आणि विहित काळात हत्यार परत घेतलं नाही किंवा विकलं नाही तर जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. आजोबांची बंदूक अशी जाते.

पुनर्विकासवाल्यांना इथे आणखी एक खड्डा आहे. नूतनीकरणाची चौकशी परवान्यावरच्या पत्त्यावर होते. अंमलदार तिथे जातो, पत्रे ठोकलेला खड्डा दिसतो, आणि अहवाल येतो, ‘अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.’ अर्ज निकाली. त्यामुळे नूतनीकरणाच्या आधी तात्पुरत्या पत्त्याची नोंद करून घ्या, आणि अर्जासोबत सोसायटीचं पत्र, विकासकाचा करार व ठेवीची पावती लावा. एका फोनने उलगडा झाला असता हे खरं, पण तो फोन कुणी करत नाही.

जमा करायच्या दिवशी

सामान हलवायच्या आठवडाभर आधी जा. गणेशोत्सव, निवडणूक, मोठी सभा असेल तर सगळे बंदोबस्तात असतात. घरून निघण्यापूर्वी हत्याराचा कक्ष, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, उघडून डोळ्याने आणि बोटाने रिकामा असल्याची खात्री करा. पिस्तुलाचं मॅगझिन आधी काढा, मग स्लाइड मागे ओढा. मॅगझिन आत असताना स्लाइड सोडली तर नवं काडतूस कक्षात चढतं.

ठासणीच्या बंदुकीत बार (दारू आणि छर्रे) भरलेला आहे का हे बाहेरून कळत नाही. गज हलकेच नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघा. तो केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसवायच्या बोंडीपर्यंत न पोचता दोन-चार बोटं अलीकडेच थांबत असेल, तर आत बार आहे. हे करताना केप काढलेली आणि तोंड माणसांपासून दूर, चेहरा बाजूला. बार निघाला तर तो उपसायचं काम शस्त्रदुरुस्ती करणाऱ्यावर सोडा.

नळी कोरडी पुसून आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात द्या. रेक्झिनच्या किंवा फोमच्या खोळीत बंद करून ठेवू नका. फोम पावसाळ्यात ओल धरतो आणि खोळ उघडली की नळीवर तांबेरा दिसतो. सुती कापडात गुंडाळा. न्यायची मात्र खोळीतूनच, रिकामी, काडतुसं वेगळ्या पिशवीत, मूळ परवाना खिशात, आणि वाटेत गाडीत सोडून कुठे उतरायचं नाही.

पावती वाचल्याशिवाय निघू नका. ‘एक बंदूक जमा’ एवढीच पावती म्हणजे कागदाचा तुकडा. तीत हत्याराचा प्रकार, मेक, क्रमांक, काडतुसांची बोअरनिहाय संख्या, रजिस्टरचा नोंद क्रमांक, तारीख, सही-शिक्का हवा. काडतुसं पावतीत नसली तर तुमच्या हिशेबात ती गहाळ धरली जातील. मूळ परवाना ठाण्यात सोडू नका. नूतनीकरणाला तोच लागतो.

परत घेताना वैध परवाना, मूळ पावती आणि अर्ज घेऊन स्वतः जा. मधल्या काळात हत्यार जिल्ह्याच्या शस्त्रागारात हलवलेलं असू शकतं, तेव्हा आधी चौकशी करा. रजिस्टरमध्ये सही करण्यापूर्वी क्रमांक जुळवा, काडतुसं मोजा, नळी उजेडाकडे धरून आतून बघा. गंज किंवा तडा दिसला तर तसं सहीच्या शेजारी लिहा, आणि अशी बंदूक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याला दाखवल्याशिवाय चालवू नका.