पुडीत बांधलेला निरोप

बेडकाच्या हृदयाचे ठोके चेतातंतूला वीज देऊन मंद केले, त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, आणि तेही मंदावलं. ग्राझमध्ये ऑटो लोवी यांनी केलेला आणि १९२१ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत असतोच. चेतातंतूचा निरोप रसायन पोचवतं, हे त्यातून कळलं. पण निरोप जायची वेळ येईपर्यंत ते रसायन राहतं कुठे? या प्रश्नाला पुढची तीसेक वर्षं धड उत्तर नव्हतं, आणि मला या इतिहासातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

पहिला धागा अधिवृक्क ग्रंथीत, म्हणजे मूत्रपिंडावर बसलेल्या आणि ॲड्रेनॅलिन हे रसायन बनवणाऱ्या ग्रंथीत, सापडला. १९५३ मध्ये ऑक्सफर्डला ब्लाश्को आणि वेल्श यांनी गुरांच्या ग्रंथीचा गाभा वाटून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. ॲड्रेनॅलिन पेशीरसात नुसतं विरघळलेलं असतं, तर वरच्या पाण्यात राहिलं असतं. त्याचा मोठा वाटा कणांबरोबर तळाला बसला. म्हणजे ते कणांत कोंडलेलं होतं! स्वीडनमध्ये हिलार्प आणि त्यांचे सहकारी त्याच वर्षी स्वतंत्रपणे इथेच पोचले.

लंडनमध्ये बर्नार्ड कॅट्झ आणि पॉल फॅट वेगळ्या वाटेने निघाले होते. चेतातंतू स्नायूला जिथे टेकतो, तिथे बेडकाच्या स्नायूत काचेची अतिसूक्ष्म नळी खुपसून ते विद्युतदाब मोजत. तंतूला कोणी डिवचलेलं नसतानाही पडद्यावर अधूनमधून अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे उंचवटे दिसत. स्नायूवर ॲसिटिलकोलीन या निरोप्या रसायनाचा परिणाम रोखणारं क्युरारी हे विष घातलं की ते खुजे होत. म्हणजे हा यंत्रातला बिघाड नव्हता, ॲसिटिलकोलीनचंच काम होतं. पुढे देल कास्तियो यांच्यासोबत कॅट्झ यांनी द्रवातलं कॅल्शियम घटवलं. आता तंतूला चेतवल्यावर प्रतिसाद कधी एका उंचवट्याएवढा यायचा, कधी साधारण दुप्पट, कधी तिप्पट, तर कधी काहीच नाही. १९५४ साली त्यांनी अर्थ लावला: रसायन सुटं पाझरत नाही, ठरावीक मापाच्या पुड्या सुटतात, आणि किती सुटतील ते कॅल्शियमवर ठरतं.

योग असा, की त्याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात चेतातंतूंच्या टोकाशी गोल पुटिका, म्हणजे पातळ आवरणाच्या इवल्या पिशव्या, दाटीवाटीने बसलेल्या दिसल्या. एकेक पुटिका मिलिमीटरच्या सुमारे वीसहजाराव्या भागाएवढी. तरी पुडी म्हणजेच पुटिका, हे डोळ्यांनी दिसायला १९७९ उजाडलं. ह्यूजर आणि रीस यांनी चेतवलेला स्नायू काही मिलिसेकंदांत अतिथंड तांब्याच्या ठोकळ्यावर आपटून गोठवला, तेव्हा तंतूच्या पटलाशी, म्हणजे बाहेरच्या आवरणाशी, तोंड उघडत असलेल्या पुटिका सापडल्या.

साठा रिकामा झाला तर प्राण्याचं काय होतं, हे त्याआधीच सर्पगंधेतल्या रेसर्पिनने दाखवलं होतं. या औषधाने पुटिकांची दारं बंद होतात. डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन, सेरोटोनिन ही निरोप्या रसायनं आत जाऊ शकत नाहीत आणि बाहेर विकरं (एन्झाइम्स) त्यांची मोडतोड करतात. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन दिलेले ससे निपचित पडले होते, हालचाल जवळजवळ थांबलेली. सेरोटोनिनचा कच्चा माल टोचून फरक पडला नाही. डोपामिनचा कच्चा माल असलेलं डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या रुग्णांना १९६०च्या दशकात डोपा देऊन पाहिलं गेलं, त्यामागे हेच ससे होते.